गेला शुक्रवार

डोंगरकड्यात कोणी कोणाला तारीख विचारत नाही. विचारलीच तर विचारणारा एक तर तलाठी असतो किंवा बँकेचा माणूस, आणि त्या दोघांना उत्तर द्यायची घाई कोणालाच नसते. इथं वार विचारतात. घड्याळ तर तारखेच्याही खालच्या पायरीवर. दिवस कासराभर वर आल्यावर, गुरं घरी यायच्या टायमाला, नांदेडची गाडी गेल्यावर आणि अलीकडे लाइट आली की, एवढ्या चार काट्यांवर आमचं गाव चालतं. त्यातला चौथा काटा सगळ्यांत लहरी. मोटारीची लाइट काही वार दिवसा येते, काही वार रात्री. त्यामुळे आमच्याकडचा शेतकरी हळदीला पाणी देत रात्रभर जागतो आणि दिवसा जांभया देतो. अमेरिकेहून आलेल्या माणसाला हाच आजार झाला की त्याला इंग्रजीत नाव असतं आणि लोक कौतुकानं विचारपूस करतात. इकडच्याला "काय झोपायलास दिवसाढवळ्या?" एवढंच ऐकून घ्यावं लागतं.

बाहेरगावचे लोक आम्हाला वेळ पाळत नाही म्हणून नावं ठेवतात. त्यांना भूगोल येत नाही. भारताची प्रमाणवेळ मोजतात ती साडेब्याऐंशी अंश रेखांशावरून, म्हणजे तिकडं मिर्झापूरजवळून. आमचं गाव त्या रेषेच्या पश्चिमेला पाचेक अंश. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. तेव्हा मिर्झापूरच्या डोक्यावरून निघालेला सूर्य आमच्या डोक्यावर यायला वीसेक मिनिटं घेतो. म्हणजे दहाच्या ग्रामसभेला दहा-वीसला पोचणारा माणूस शास्त्रानुसार अगदी वेळेवर असतो. दहालाच येऊन बसलेला ग्रामसेवक उगाच मिर्झापूरच्या सूर्याची चाकरी करतो. मुंबईचा पाहुणा त्याहून एकोणीस मिनिटं उशिरा आला तरी माफ. मुंबई आमच्याही पश्चिमेला आहे, आणि १९०६ साली प्रमाणवेळ लागू झाल्यावरही त्या शहरानं आपला एकोणचाळीस मिनिटं मागं चालणारा 'मुंबई टाइम' १९५५ पर्यंत सोडला नव्हता. उद्घाटनाला येणारे नेते मात्र साडेतीन तास उशिरा येतात. हिशोब केला तर साडेतीन तास मागं, हिवाळ्यात तरी, कैरोचं घड्याळ चालतं. नेते कोणत्या वेळेनं चालतात हा प्रश्न त्यामुळे सुटतो. कैरोच्या माणसांनी आमच्या समाजमंदिराची फीत का कापावी, हा तेवढा उरतो.

लग्नपत्रिकेतला मुहूर्त बारा वाजून पस्तीस मिनिटांचा असतो आणि अक्षता तीनला पडतात, हे मी मुद्दाम मोजत नाही. तो उशीर सूर्यामुळे होत नाही, नवरदेवाच्या मित्रांमुळे होतो.

पण वाराचं तसं नाही. वेळ चुकली तर चालते, वार चुकता कामा नये. सोमवार महादेवाचा, त्या दिवशी औंढ्याला नागनाथापुढं रांग. मंगळवार देवीचा. गुरुवार दत्ताचा आणि दर्ग्याचाही, त्याबद्दल दोघांची तक्रार नाही. शनिवार मारुतीचा, म्हणून तेल देवाला घालायचं पण दुकानातून घरी आणायचं नाही, आणि शाळा सकाळची. गुरुवारी-शनिवारी केस कापायचे नाहीत, म्हणून रविवारी न्हाव्याच्या दुकानात जत्रा. बुधवारी लेक सासरी पाठवायची नाही. कालवण रविवारी चालतं, बुधवारी चालतं, शुक्रवारीही चालतं, पण शुक्रवारी घरातल्या लक्ष्मीला विचारून. उरलेले चार वार चुलीपुढं बसून नुसता विचार करायचा. एवढा कडक कायदा घटनेतही नसेल, आणि तो मोडल्याचं ऐकिवातही नाही.

या सगळ्यांच्या वर बाजारवार. आमच्या गावाचा बाजारवार कोणता ते मी इथं सांगणार नाही. आखाडा बाळापूर आणि अर्धापूरची मंडळी वाचतात, गर्दी वाढते आणि मेथीची जुडी महाग होते. आजूबाजूच्या गावांनी आपापले बाजारवार वेगळे ठेवले आहेत ते उगाच नाही. त्याच त्या व्यापाऱ्यांना सगळीकडे फिरता यावं म्हणून. बांगड्या विकणाऱ्या एका मामींना मी सहज विचारलं, "मामी, आज वार कोणता?" त्यांनी मान वर करून देवळाचा कळस बघितला, समोरचं झाड बघितलं आणि म्हणाल्या, "डोंगरकडा." चेष्टा नव्हती. त्यांच्या आठवड्यात सात गावं आहेत.

आता इतका पक्का वार, पण तो सुरू कधी होतो यावर मात्र गावात एकमत नाही. गुरुजींच्या पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो. मशिदीत तो सूर्यास्ताला बदलतो. मोबाइलमध्ये मध्यरात्री, सगळे झोपलेले असताना, चोरासारखा. त्यामुळे गुरुवारी रात्री एक वाजता ओट्यावर तिघं बसले असतील तर गुरुजींच्या मते अजून गुरुवार आहे, पोरांच्या मते शुक्रवार लागून तास झाला, आणि चाचांच्या मते शुक्रवार संध्याकाळीच लागलेला आहे. तिघंही खरं बोलत असतात आणि तिघंही एकाच गणपतीच्या वर्गणीचा हिशोब लावत असतात.

हे गावात खपतं, रेल्वेत खपत नाही. आमच्या एका तात्यांना नांदेडहून गाडी होती, रात्री बारा वीसची. तिकिटावर शुक्रवारची तारीख. तात्यांनी शुक्रवारी दिवसभर दशम्या बांधून घेतल्या, संध्याकाळी सगळ्यांना नमस्कार केला, दोघांकडून निरोपाचा चहा घेतला आणि रात्री अकराला स्टेशनवर हजर. गाडी आदल्या रात्रीच, म्हणजे त्यांच्या गुरुवारी, निघून गेलेली. तात्यांनी टीसीला विचारलं, "दिवस उगवायच्या आधी शुक्रवार? हे कोणाच्या पंचांगात हाय?" प्रश्न बिनतोड होता. दंड मात्र इंग्रजी पंचांगाप्रमाणे झाला असता, म्हणून तात्या दशम्या घेऊन परत आले.

शेजारच्या काकूंचं प्रकरण याहून अवघड. त्यांचा मुलगा मालवाहू जहाजावर आहे. श्रावणात त्याचा फोन आला.

"माय, मला या आठवड्यात सोमवारच आला नाही."

"आला नाही म्हणजे? कुठं गेला?"

"रविवारी रात्री झोपलो, उठलो तर मंगळवार."

काकूंनी फोनवर पदर धरला आणि आम्हाला हळूच विचारलं, "पियायलाय का काय हो हे लेकरू?"

पीत नव्हता. अमेरिकेकडून आशियाकडे येताना पॅसिफिक महासागरात, एकशे ऐंशी अंशांच्या आसपास, एक अदृश्य रेघ लागते. ती ओलांडली की पंचांगातला एक अख्खा दिवस गळतो. उलट्या दिशेनं गेलं तर तोच दिवस पुन्हा वाट्याला येतो. आम्ही हे काकूंना भोपळा हातात धरून समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि फोनवर म्हणाल्या, "इथं तर आला होता सोमवार. मी धरला. तुझाही मीच धरते, तू काळजी करू नको." भाद्रपदात जहाज उलटं निघालं आणि पुन्हा फोन आला, "माय, दोन सोमवार आलेत. काय करू?" काकूंना क्षणभरही विचार करावा लागला नाही. "दोन्ही धर. एक चालू, एक मागची बाकी."

हा घोळ काकूंच्या मुलापासून सुरू झालेला नाही. पृथ्वीला पहिला पूर्ण वळसा घालून मॅगेलनच्या ताफ्यातलं उरलेलं एक जहाज परत येताना, १५२२ च्या जुलैत, आफ्रिकेजवळच्या केप व्हर्द बेटांवर थांबलं. जहाजावरच्या पिगाफेत्तानं रोज न चुकता नोंदी ठेवल्या होत्या. त्याच्या वहीत बुधवार होता. बेटावरचे लोक म्हणाले गुरुवार. तो चक्रावला. एकही दिवस लिहायचा राहिला नव्हता आणि तरी एक दिवस नव्हता. पाच जहाजं गेली होती, त्या एका जहाजातून अठरा माणसं स्पेनला पोचली, आणि त्यांचा वारही चुकलेला.

पण समुद्रावरच्या माणसाचं सोडा. अख्ख्या देशानं घरात बसून वार घालवला, तो सामोआनं. पॅसिफिकमधली ही बेटं. त्यांचा व्यवहार सगळा ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडशी, पण वार अमेरिकेच्या बाजूचा. म्हणजे सामोआत शुक्रवारी दुकान उघडलं तर ऑकलंडमध्ये शनिवार, तिकडची कचेरी बंद. तिकडं सोमवारी फोन करायला बसले तर हे रविवारी चर्चमध्ये. आठवड्यातले चारच वार दोघांच्या उपयोगाचे. शेवटी पंतप्रधान तुइलाएपा यांच्या सरकारनं ठरवलं की आपण रेघेच्या पलीकडं जाऊ. देश उचलता येत नाही, म्हणून रेघ सरकवली. २९ डिसेंबर २०११ ला गुरुवार होता. लोक झोपले आणि उठले ते थेट शनिवारी, ३१ डिसेंबरला. शुक्रवार, ३० डिसेंबर २०११, हा दिवस सामोआत उगवलाच नाही. याच सरकारनं त्याआधी दोन वर्षं सगळ्या देशाच्या गाड्या उजव्या बाजूनं चालत होत्या त्या एका सकाळी डाव्या बाजूला आणल्या होत्या, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या जुन्या गाड्या स्वस्तात मिळाव्यात म्हणून. त्यामुळे शुक्रवाराचं लोकांना फार वाटलं नसावं. गंमत म्हणजे सामोअन भाषेत रविवारला 'आसो सा', म्हणजे पाळायचा दिवस, असं घरचं नाव आहे. शुक्रवारला मात्र इंग्रजीवरून उसना घेतलेला 'आसो फाराइले'. गेला तो उसना.

मला यातली सर्वांत थोर गोष्ट वेगळीच वाटते. न उगवलेल्या शुक्रवारचा पगार कामगारांना द्यावा, असं तिथल्या सरकारनं सांगितलं. आमच्याकडे उगवलेल्या, घाम गाळलेल्या आणि हजेरीपटावर अंगठा उमटवलेल्या दिवसाचा रोज मिळायला किती चकरा होतात ते ज्यानं खेपा घातल्या त्याला विचारा.

बरं, हा शुक्रवार सामोआनं आपल्या खिशातला घालवला असंही नाही. तो आधी कमावलेला होता. १८९२ साली अमेरिकन व्यापाऱ्यांच्या नादानं याच बेटांनी रेघ उलट्या बाजूला ओलांडली होती, आणि त्या वर्षी ४ जुलैचा सोमवार लागोपाठ दोनदा साजरा केला. ४ जुलै हा अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. तेव्हा गिऱ्हाईक अमेरिका होतं, म्हणून वार अमेरिकेचा. एकशे एकोणीस वर्षांनी गिऱ्हाईक बदललं, वार परत केला. काकूंच्या भाषेत, मागची बाकी फिटली.

आणि ही रेघ म्हणजे काही देवानं आखलेली नाही. १८८४ साली वॉशिंग्टनमध्ये देशोदेशीचे शहाणे जमले आणि त्यांनी ग्रीनिचपासून रेखांश मोजायचे ठरवले, पण वार कुठं बदलायचा हे कोणत्याच करारात लिहिलं नाही. ज्याला जो वार परवडतो तो त्यानं घ्यावा. ज्याच्याशी बाजार, त्याचा वार. बांगड्यावाल्या मामींना हे वॉशिंग्टनला न जाता माहीत होतं.

'असलं तिकडं समुद्रात होतं, आपल्याकडं नाही,' असं कोणी म्हणत असेल तर त्यानं आमच्या पैनगंगेवर यावं. आमच्या कळमनुरी तालुक्याच्या उत्तरेला ही नदी. आता तिच्यावर इसापूरचं धरण आहे. १९४८ पर्यंत नदीच्या अलीकडं निजामाचं राज्य आणि पलीकडं वऱ्हाड, १८५३ पासून इंग्रजांच्या कारभारात. निजामाच्या राज्यात आठवड्याची सुट्टी शुक्रवारी. वऱ्हाडात रविवारी. अलीकडं हाली रुपया, पलीकडं कलदार, आणि सात हाली दिले की सहा कलदार मिळायचे. अलीकडच्या कागदांवर फसली सन आणि महिने आजूर, दय, बहमन, इस्फंदार. पलीकडं जानेवारी-फेब्रुवारी. म्हणजे गुडघाभर पाण्यातून धोतर वर धरून नदी ओलांडली की माणसाचा सन बदलायचा, महिना बदलायचा, खिशातले पैसे कमी व्हायचे आणि सुट्टी दोन दिवस पुढं जायची. एवढं सगळं पॅसिफिकची रेघ ओलांडूनही होत नाही. तिथं बिचारा एक वार तेवढा बदलतो.

या सोयीचा फायदा घेणारी डोकी तेव्हाही असणारच. गुरुवारी सांजच्याला अलीकडून पलीकडं जायचं, तिथल्या कचेरीत शुक्रवारी काम उरकायचं, आणि परत येऊन रविवारी इकडच्या उघड्या कचेरीत हजर व्हायचं. आणि ज्याला काम टाळायचं त्याला तर स्वर्गच. शुक्रवारी इथं कोणी बोलावत नाही, रविवारी तिथं कोणी विचारत नाही, शनिवारी प्रवासात. वऱ्हाडातली सोयरीक इतकी मानाची का होती, याचं एक कारण मला इथं दिसतं.

मग पोलीस ॲक्शन झाली. १३ सप्टेंबर १९४८ ला भारताच्या फौजा निजामाच्या राज्यात शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजामानं शरणागती पत्करली. कॅलेंडर उलटं मोजत गेलात तर १७ सप्टेंबर १९४८ हा वार शुक्रवार येतो. म्हणजे निजामाचं राज्य आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी संपलं. कचेऱ्या बंद असताना. पुढं आमच्याकडंही रविवारची सुट्टी आली आणि शुक्रवार कामाला लागला. सामोआनं एक शुक्रवार घालवला. मराठवाड्याच्या वाट्याची शुक्रवारची सुट्टी गेली ती कायमची. तिचा पगार कोणी दिला नाही. अर्थात, ज्या कारणानं ती गेली त्याच्यापुढं तिचं दुःख करणारा माणूस आमच्या भागात मिळायचा नाही.

आता काळाच्या बाबतीत आमचा जिल्हा मागं नाही, हे सांगायला हवं. औंढा नागनाथजवळ 'लायगो-इंडिया' ही गुरुत्वीय लहरी पकडणारी वेधशाळा उभी राहायची आहे. केंद्र सरकारनं २०२३ च्या एप्रिलमध्ये तिला २६०० कोटी रुपये मंजूर केले. ही लहर म्हणजे दूरवर कुठं दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशाला बसणारा हेलकावा. असा हेलकावा पहिल्यांदा पकडला तो अमेरिकेतल्या दोन वेधशाळांनी, १४ सप्टेंबर २०१५ ला. एका वेधशाळेनंतर सुमारे सात मिलिसेकंदांनी तो दुसरीला पोचला, आणि या सात मिलिसेकंदांवरून शास्त्रज्ञांनी तो आला कुठून याचा अंदाज बांधला. म्हणजे ज्या जिल्ह्यात "येतोच पाच मिनिटांत" याचा अर्थ जेवण करून येतो असा होतो, त्याच जिल्ह्यात सेकंदाचे हजार तुकडे करून त्यातले सात मोजणार आहेत. हा नागनाथाचाच महिमा.

आणि त्या लहरीचा वार? तेव्हा आमच्याकडं सोमवारी दुपारचे तीन वीस झाले होते, चहाची वेळ. हवाई बेटांवर रविवारी रात्रीचे अकरा पन्नास. हवाईच्या दक्षिणेला किरिबाटी देशाची लाइन बेटं आहेत, तिथंही अकरा पन्नासच, पण सोमवारच्या रात्रीचे. घड्याळ अगदी तेच, काट्याला काटा लावून घ्यावा इतकं तेच, आणि वार वेगळा. कारण किरिबाटीनं १९९५ च्या पहिल्या दिवशी आपली पूर्वेकडची बेटं रेघेच्या अलीकडं ओढून घेतली. तोवर देशाच्या एका टोकाला सोमवार तर दुसऱ्या टोकाला रविवार असायचा, आणि राजधानीतल्या साहेबाला त्या टोकाच्या कारकुनाला गाठायला आठवड्यात चारच वार मिळायचे. आपल्याकडं साहेब आणि कारकून एकाच खोलीत बसतात, वारही एकच असतो, तरी चार वार मिळाले तर नशीब.

देव मात्र इतक्या सहजासहजी वार बदलत नाहीत. सामोआत आणि शेजारच्या टोंगात ख्रिस्ती लोकांचा एक पंथ आहे, ॲडव्हेंटिस्ट. शनिवार पाळणारे. टोंगातल्या या मंडळींनी फार पूर्वीच ठरवलं की रेघ इथं वाकडी काढलेली आहे, सरळ काढली असती तर आपला रविवार हा खरा शनिवारच. म्हणून ते रविवारी प्रार्थना करतात आणि मनात शनिवार धरतात. सामोआत २०११ नंतर तोच तोडगा निघाला, तर काही जण म्हणाले, कॅलेंडरवर शनिवार लिहिलंय तर शनिवारच. एका पंथाचे दोन गट झाले. आमच्याकडं असं झालं असतं तर गट दोनावर थांबले नसते, आणि प्रत्येक गटाचा वेगळा बॅनर चौकात लागला असता.

तेव्हा आपल्याही सरकारात कधी एखादा वार काढायचा विचार सुरू झालाच, तर आमचा अर्ज आत्ताच लिहून घ्यावा. बाजारवाराला हात लावू नका, मामींचा आठवडा बुडेल. सोमवार काकू देणार नाहीत. शुक्रवार आधीच एकदा गेलेला आहे. काढायचाच तर शनिवार काढा, शाळेच्या हिशोबानं तो तसाही अर्धाच असतो. मारुतीरायाला काय सांगायचं ते आम्ही बघून घेऊ. फक्त त्या दिवसाचा रोज पूर्ण द्या, आणि देताना वार बघून द्या, गुरुवारी दिलात तर आम्हाला शुक्रवारपर्यंत केसही कापता येत नाहीत.